शुवैखच्या गोदामातल्या लग्नाच्या काठ्या

तुमच्या मुलीचं लग्न आहे, तुम्ही समुद्रापलीकडे कामात अडकला आहात, आणि ज्या एका गोष्टीच्या जोरावर तुम्ही मनाने त्या मांडवात उभे राहणार होता, तीच कुणी कुलपात टाकली, तर तुम्ही काय कराल? अर्ज कराल, की गप्प बसाल?

मला हा प्रश्न कुवेतमध्ये पडला. शुवैख बंदराच्या मागे आमचा कॅम्प होता, आणि त्या कुलपाची किल्ली माझ्याच कमरेला लटकत होती.

साठ सालानंतरची ही गोष्ट. तिथे चालणारे आपले रुपये जाऊन नवे दिनार हाती खेळू लागले होते. बंदरावर माल इतका उतरत होता की ठेवायला जागा पुरेना, म्हणून आमचा कंत्राटदार गोदामांमागून गोदामं बांधत सुटला होता. मी त्याच्याकडे स्टोअरकीपर. सिमेंट, खिळे, फावडी, दोरखंड, सगळं माझ्या ताब्यात. माझे वडील मुंबईत छापखान्यात खिळे जुळवायचे आणि उरलेली पत्रकं घरी आणायचे. मी मुळाक्षरं पाटीवर शिकलो नाही, त्या पत्रकांवर शिकलो. आमच्या घरात 'अ' अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. त्यामुळे कुवेतला उतरलो तेव्हा माझ्या ट्रंकेत कपडे कमी आणि मतं जास्त होती.

कॅम्पातले गवंडी वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तचे, नाईलच्या काठचे. आपल्या मुलखाला ते सईद म्हणत. उंच, रुंद खांद्यांची, मोठ्याने हसणारी माणसं. त्यांच्या म्होरक्याला सगळे 'रईस' म्हणत. आपल्याकडे रईस म्हणजे मोठा श्रीमंत. हा रईस विटांवर विटा रचायचा आणि ठिगळ लावलेला लांब झगा घालायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थट्टाच वाटली होती. नंतर कळलं, तिकडे गवंड्यांच्या टोळीचा जो प्रमुख, तो रईस.

आणि स्वयंपाकघरात मामू. आमचं मूळ गाव ज्या कुलाबा जिल्ह्यात, तिथलाच, मुरुडकडचा. उभी हयात आगबोटींवर भंडारी म्हणून, म्हणजे खलाशांचा आचारी म्हणून, गेलेली. म्हातारपणी समुद्र सोडला आणि कॅम्पाच्या जेवणाची देग धरली. तो माझा सख्खा मामा नव्हता. पण परमुलखात आपल्या तालुक्याची बोली बोलणारा माणूस भेटला की तो कुणीतरी लागतोच.

शुक्रवारी सुट्टी. नमाज, जेवण, झोप झाली आणि ऊन कलंडलं की गोदामांमागच्या मोकळ्या जागेत ढोल वाजू लागे. सनईची थोरली बहीण शोभेल असं एक वाद्य त्यात सूर लावी, आणि गवंडी रिंगण धरून उभे राहत. मग दोघं आत उतरत, डोक्याइतक्या उंच काठ्या घेऊन. आधी एकमेकांना सलाम. मग काठी डोक्यावर गोल, खांद्यामागून गोल, जसा काही तिला स्वतःचाच जीव आहे. एकमेकांभोवती ते असे फिरत की नाच म्हणावा तर डोळे लढाईचे, आणि लढाई म्हणावी तर पाय नाचाचे. मध्येच एकाला दुसऱ्याच्या डोक्यावर मोकळी जागा सापडे. काठी सपकन यायची आणि टोपीला नुसती शिवून थांबायची. शिवली की जिंकला. जोराने मारणारा अडाणी. त्याला रिंगणातून हाकलत. या खेळाला ते तहतीब म्हणत.

मामू हे सगळं स्वयंपाकघराच्या दारात उलट्या डब्यावर बसून पाहायचा आणि नाक मुरडायचा. त्याला अधिकार होता. गावात मोहरमच्या आखाड्यात तो फरी-गदका, म्हणजे ढाल आणि छडी, आणि लाठी खेळलेला. त्याचा उस्ताद सिद्दी, जंजिऱ्याच्या हबशांच्या वंशातला. मनगट उलटं मोडून काठी फिरवायचा एक डाव होता, त्याला मामूच्या गावात 'हबशी हात' म्हणत. मी लगेच म्हणालो, "म्हणजे तुमची लाठी आफ्रिकेतूनच आली, मामू! हे बघा, आशिया आणि आफ्रिकेचं बंधुत्व..."

"बंधुत्व मंग कर. आधी कांदा काप," मामू म्हणाला.

पण त्यालाही सांगायला आवडायचं. ब्राझीलच्या बाहिया बंदरात त्याची बोट एकदा बरेच दिवस अडकली होती. तिथले काळे हमाल धनुष्यासारखं एका तारेचं वाद्य वाजवत आणि त्याच्या तालावर दोघंदोघं पायांनी झुंजत. हात जमिनीला, पाय आभाळात. कुणी कुणी पायाच्या बोटांत वस्तरा धरतं असं त्याने ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. पाहिलं ते काठ्यांचं. ऊसमळ्यातली माणसं तालावर काठ्या आपटत गोल फिरायची. आणि ज्यांचा हात बसलेला, ती काठीच्या जागी ऊस तोडायचे कोयते घ्यायची. "ठिनग्या उडायच्या रं पोरा, आन् कोनाचं बोट सुद्धा कापलं नाय." त्या माणसांचे पणजोबा-खापरपणजोबा आफ्रिकेतून साखळ्या घालून नेलेले. मालकाने हत्यार हाती राहू दिलं नाही, तर त्यांनी ते नाचात ठेवलं, गाण्यात ठेवलं, पायात ठेवलं. हे मी मामूला समजावून सांगू लागलो की तो दुसरा कांदा पुढे सरकवी.

मग तो शुक्रवार आला. रिंगणात खुद्द रईस खेळत होता. मामू रिंगणाजवळ येऊन माझ्या शेजारी उभा राहिला आणि नेहमीप्रमाणे चुका काढू लागला.

"हा बघ, काठी असा धरतोय. आमच्यात असा नाय धरत. असा! मनगट असा पायजे. असा, असा!"

रईस फिरता फिरता थांबला. ढोलही थांबला. रिंगणातली सगळी डोकी मामूकडे वळली. रईस पुढे आला, उजव्या हाताने छातीला स्पर्श केला आणि आपली काठी दोन्ही हातांवर आडवी धरून मामूपुढे केली.

मामू माझ्याकडे बघायला लागला. "काय म्हनतोय ह्यो?"

शेजारच्या एका गवंड्याने मला समजावलं. आमच्यातलं बोलणं थोड्या अरबीत, थोड्या हिंदीत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी चाले. इथे मी सगळं मराठीत देतो. तो म्हणाला, "म्हातारबाबा केव्हापासून काठी मागतायत. आमच्यात मोठ्या माणसाने काठी मागितली तर नाही म्हणत नाहीत."

अरबीत असा म्हणजे काठी!

मामूने कपाळाला हात लावला. "या अल्ला! मूसा नबींचा असा. लहानपनापासून ऐकलाय मी, आन् डोक्यात नाय आलं." मग खालच्या आवाजात मला म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं मी ह्यांच्यासमोर दिवसभर काठी, काठी करत फिरतोय?"

"आता परत द्या, मामू. सांगू त्यांना, चूक झाली."

"दोन्ही हातांनी दिलेली काठी परत देत नाय. आमच्या आखाड्यात तसा रिवाज नाय." त्याने पायातल्या चपला काढल्या, लुंगी वर खोचली आणि जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. रईसने आपल्या जोडीदाराची काठी घेतली.

काय सांगू! हा गुडघे धरून उठणारा म्हातारा रिंगणात उतरला आणि त्याचे गुडघे कुठे गेले कळलं नाही. त्याची काठी खालून वर यायची, रईसची वरून खाली. एकाची भाषा दुसऱ्याला परकी, म्हणून दोघंही प्रत्येक फेऱ्याला चकत आणि हसत. मामूने हबशी हात फिरवला तेव्हा गवंड्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रईसने तो पुन्हा करायला लावला, नीट पाहिला आणि मान हलवून म्हणाला, "हा आमचा नाही. आमच्या दक्षिणेचा असेल, नाहीतर कुणाचा तरी. पण चांगल्या घरचा आहे." मला तिथेच बंधुत्वाचा पुरावा हवा होता. त्याने दिला नाही. नसू दे.

डाव संपल्यावर रईसने मामूचा हात वर धरून सगळ्यांना सांगितलं. गावाहून नुकत्याच आलेल्या माणसाबरोबर निरोप होता: पुढच्या शुक्रवारी दुपार कलल्यावर त्याच्या मुलीचा निकाह. काम संपल्याशिवाय त्याला जायला मिळणार नव्हतं. त्यांच्या गावात मुलीचा बाप अंगणात काठी खेळतो, समोर वरपक्षाचा माणूस असतो. ती काठी खेळल्याशिवाय बापाला मुलगी दिल्यासारखं वाटत नाही. रईसने ठरवलं होतं की त्याच वेळेला तो इथे खेळायचा. अडचण एकच होती. सगळे गवंडी त्याच्याच गावचे, म्हणजे मुलीकडचे. वरपक्ष आणायचा कुठून?

"हा माझा व्याही!" असं काहीतरी तो अरबीत ओरडला, आणि मामूला समजावून सांगितल्यावर मामूची छाती दुप्पट झाली.

आनंदाच्या भरात मामूने आपल्या आखाड्याची आरोळी ठोकली. ही आरोळी ऐकून आमच्या गावाकडे कुत्री पळतात. आरोळीबरोबर एक उडी, आणि काठी थेट रईसच्या डोक्यावर. रईसने आडवी काठी घेऊन वार झेलला. खाड! गवंडी आनंदाने ओरडले. नेमकी तेव्हाच मुदीरची जीप गोदामाच्या कोपऱ्यावरून वळली.

मुदीर म्हणजे कॅम्पचा मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता, आणि घाबरट माणसाच्या हातात हुकूम फार असतात. त्याने पाहिलं ते इतकंच: गवंड्यांनी आचाऱ्याला घेरलंय आणि काठ्या चालल्यात. कुणी समजावायच्या आत त्याने आपली छडी जीपच्या दारावर आपटली.

"या कॅम्पात हत्यार चालणार नाही! कुल्ल असा, मखजन!"

कुल्ल म्हणजे सगळे. मखजन म्हणजे स्टोअर, माझं. सगळ्या काठ्या स्टोअरमध्ये. दुसऱ्या सकाळी तोच हुकूम टाइप होऊन माझ्या दारावर चिकटला.

गवंड्यांनी काठ्या आणून टाकल्या. रईसने आपली सर्वांत शेवटी आणली, दोन्ही हातांवर आडवी, मूल दुसऱ्याच्या हाती द्यावं तशी. ती त्याच्या बापाची होती, तेल पिऊन काळी झालेली. मी ती सिमेंटच्या पोत्यांवर वेगळी ठेवली आणि कुलूप लावलं. रईस कुलपाकडे पाहून वळला. जाताना एकदाच विचारलं, "शुक्रवारपर्यंत?"

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा: काठी हे हत्यार नाही! खाली कष्टकऱ्यांची संस्कृती, लोककला, परक्या मुलखातला माणुसकीचा हक्क, सगळं. शेवटी सह्यांसाठी जागा. मी ते स्वयंपाकघरात रईसला वाक्यावाक्याने समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मामू मसूर निवडत होता.

"यावर अंगठा नाही लावणार," रईस म्हणाला.

"का?"

"खोटं आहे. काठी हत्यारच आहे. माझ्या चुलत्याचं डोकं काठीनेच फुटलं, जमिनीच्या भांडणात. आमच्या गावाशेजारी जुनं देऊळ आहे, फिरऔन राजांच्या काळातलं. त्याच्या भिंतीवर काठ्या घेतलेली माणसं कोरलेली आहेत. ते शिपाई आहेत, नाचे नव्हेत." त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "हत्यार नसतं तर न मारण्यात कसला मोठेपणा? उशी घेऊन कुणीही थांबेल."

मी पत्रकाकडे पाहिलं. वडिलांच्या छापखान्यातून असं वाक्य कधी छापून निघालं नव्हतं. मी 'हे हत्यार नाही' म्हणून त्या माणसाची बाजू घेत होतो आणि त्याची सगळी अब्रूच पुसून टाकत होतो. त्याचा बाप, त्याचा आजा, बाहियातले ते कोयतेवाले, सगळे हत्यार हातात धरून ते आवरायला शिकले होते. त्यांची विद्या तीच होती.

"तुझ्या पत्रकाला फोडनी दे," मामू म्हणाला, "म्हंजे खाता तरी येईल." मग एकदम मसुरातून मान वर करून: "कुल्ल म्हंजे कुल्ल ना रं? मंग माझं उलथनं पन जमा करशील? ते बी काठीच हाय."

देग ढवळायचं त्याचं लाकडी उलथणं माणसाच्या छातीइतकं लांब होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, मामूने माझ्याकडे. आणि माझ्या डोक्यात, देवाशपथ, छापखान्याचं यंत्र सुरू झाल्यासारखा आवाज झाला.

मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्याला एक शस्त्र पाठ असतं: नियमाप्रमाणे काम. संप करायचा नाही, नकार द्यायचा नाही. हुकूम फक्त अक्षरशः पाळायचा, काना-मात्रेसकट.

दुसऱ्या सकाळी मी दारावरचा हुकूम काढून हातात घेतला आणि कॅम्पात फिरलो. कुल्ल असा! फावड्यांचे दांडे. कुदळींचे दांडे. झाडू. रंगाऱ्यांचे बांबू. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांना दिलेले टेकू. लुंग्या आणि झगे वाळूत लोळले. गवंड्यांना कळायला वेळ लागला नाही. माझ्या दारापुढे रांग लागली. एकाने मोठ्या गांभीर्याने दात कोरायची काडी आणून दिली. "हाही असा. लहान आहे, पण स्वभाव वाईट आहे." मामू ओट्यावरून उलथणं घेऊन आला आणि ते देताना डोळे पुसायचं नाटक केलं.

थोड्याच वेळात शुवैखच्या त्या कोपऱ्यात सगळं शांत झालं. दांड्याशिवाय फावडं म्हणजे नुसतं पत्र्याचं पान. माल कालवता येईना. सिमेंटची गाडी उभी राहिली. दुपार झाली, आणि स्वयंपाकघरातून करपल्याचा वास सुटला, कारण देगेतला भात ढवळायला काही नव्हतं.

मुदीर आला तो आधी वासाने आणि मग रागाने. "हे काय चाललंय?"

"आपला हुकूम, साहेब," मी कागद पुढे केला. "कुल्ल असा, मखजन. दोनच राहिलेत. जीपच्या झेंड्याची काठी, आणि आपल्या हातातला."

त्याने हातातल्या छडीकडे पाहिलं. मागे सगळा कॅम्प उभा. कुणी हसलं नाही. हसू आवरायला त्या लोकांना शिकवावं लागत नव्हतं.

"मला मारामारीच्या काठ्या म्हणायच्या होत्या."

"त्या कुठल्या, तेवढं दाखवा. बाकीच्या परत देतो. गेल्या महिन्यात दोन ड्रायव्हर भांडले ते फावड्याच्या दांड्यांनी. गवंड्यांच्या काठ्यांनी इथे आजवर कुणाला मार बसलेला नाही. आपल्या छडीचं मला माहीत नाही."

हे बोललो आणि नोकरी गेली असं मी धरून चाललो. तेवढ्यात रईस पुढे आला. त्याने मुदीरला सलाम केला आणि सरळ सांगितलं: हो, हत्यार आहे. शुक्रवारी माझ्या मुलीचा निकाह आहे. तुम्ही या, खुर्चीवर बसा. कुणाला खरचटलं तरी सगळ्या काठ्या समुद्रात टाका, आणि मला पहिल्या बोटीने घरी पाठवा.

मुदीरने छडी काखेत मारली. मग म्हणाला, "जेवण कधी होईल?"

"उलथनं मिलालं की," मामू म्हणाला.

दांडे दांडेवाल्यांना गेले, उलथणं देगेत गेलं. खेळाच्या काठ्या मात्र मुदीरने शुक्रवारपर्यंत माझ्याकडेच ठेवायला सांगितल्या. एक ओरखडा, आणि रिंगण कायमचं बंद. त्या दिवसापासून मामू भात ढवळताना मनगटं गरम करी आणि मी काळजी करी. आमच्या आखाड्यातली सवय काठीवर काठी जोराने आपटण्याची. वार थांबवायचा तो समोरच्याने, झेलून. रईसच्या खेळात वार मारणाऱ्यानेच थांबवायचा. इतक्या वर्षांची सवय म्हातारा एका शुक्रवारी मोडणार कशी?

शुक्रवारी मुदीर आला, खुर्चीवर बसला. गवंड्यांनी धुतलेले झगे घातले होते. रईसने डोक्याला पांढरं मुंडासं बांधलं होतं. ढोल सुरू झाला आणि वरपक्षाचा पत्ताच नाही. मी धावत स्वयंपाकघरात गेलो. मामू डब्यावर पाठ फिरवून बसलेला.

"मामू, चला! सगळे थांबलेत."

"मुलाकडचे असे चालत जातात काय? वाजवत न्यायला सांग. आन् चहात साखर कमी होती. आमचा मान ठेवला नाय."

"मामू, मुदीर बसलाय!"

"मुदीर असू दे नायतर बादशा. मी नवऱ्याचा बाप हाय आज. पायघड्या कुठं हायत?"

मी हे रईसला सांगितलं तेव्हा तो पोट धरधरून हसला, कारण त्यांच्याकडेही मुलाकडचे असेच वागतात. गवंड्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून स्वयंपाकघरापासून रिंगणापर्यंत अंथरल्या, ढोलवाले पुढे झाले आणि मामू त्यावरून पावलं मोजून टाकत आला, डावी-उजवीकडे कुणाकडेही न बघता. सगळ्यांच्या अंगावर राखी धूळ उडाली. असं लग्न मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलेलं नाही.

सलाम झाले. काठ्या फिरू लागल्या. रईस त्या दिवशी सुंदर खेळत होता, पण मधूनमधून त्याची नजर पश्चिमेला जाई, त्याच्या गावाच्या दिशेला. तिथे कदाचित याच क्षणाला कुणी त्याच्या मुलीला विचारत असेल, कबूल आहे का. आणि अशाच एका क्षणी त्याची काठी खाली राहिली. त्याचं डोकं पूर्ण उघडं पडलं.

मामूची काठी निघाली होती. आमच्या आखाड्याचा पुरा वार, खांद्यापासून, सगळं अंग त्यात. झेलायला समोर काही नव्हतं. ढोलवाल्याचा हात हवेत राहिला. मुदीर खुर्चीतून अर्धा उठला. मी डोळे मिटणार होतो, पण मिटले नाहीत, हे माझं नशीब. कारण मी ते पाहिलं: हबशी हात. मनगट उलटं मोडलं, काठी मुंडाशाच्या वीतभर वर वळली, मामूभोवती एक मोठा गोल फिरून परत आली, आणि अक्षता पडाव्यात तशी रईसच्या मुंडाशाला टेकली.

मग एका दाढीवाल्या गवंड्याने तोंडाशी हात नेऊन बायका लग्नात काढतात तसा चिरका, थरथरता आवाज काढला, आणि सगळं रिंगण हसत, ओरडत आत कोसळलं.

मामूने रईसला मिठी मारली. मराठीतच म्हणाला, "मुलगी आता आमची. तिला कोन काय बोलनार नाय. रडतोस कशापायी?" रईसला एक अक्षर कळलं नसेल. तो हसत होता आणि झग्याच्या बाहीने डोळे पुसत होता, आणि मान अशी हलवत होता जसं सगळं कळलं.

मुदीर जेवायला राहिला. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. शनिवारी सकाळी स्टोअरमध्ये येऊन त्याने विचारलं, "त्या काठ्या कुठे आहेत?" मी म्हटलं, "ज्याच्या त्याच्याकडे." तो म्हणाला, "बरं," आणि सिमेंटची पोती किती उरली ते विचारू लागला.

त्यानंतर मी कुवेतमध्ये होतो तोवर एकही शुक्रवार ढोलाशिवाय गेला नाही. गोदामं बांधून झाली आणि रईस आपल्या गावी गेला. काही काळाने मामूही परतला. नंतर एकदा सुट्टीत मी त्याला भेटायला मुरुडकडे गेलो. अंगणात तो एकटाच काठी फिरवत होता. मोहरमचा आखाडा बंद पडला होता. तरणी पोरं आगबोटींवर आणि आखातात. गावातल्या शहाण्यांनी ठरवलेलं की काठी म्हणजे दंगा, भानगड नको. मला पाहून मामू म्हणाला, "फिरवायला एकटा पुरतो रं. खेलायला समोर मानूस लागतो." मी चपला काढल्या आणि समोर उभा राहिलो. पहिल्याच फेऱ्यात त्याने माझ्या डोक्याला काठी टेकवली आणि तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे, आणि हे पत्रक नव्हे, विनंती आहे. तुमच्या गावात, तुमच्या आळीत, लाठी, फरी-गदका, बनाटी खेळलेला एखादा म्हातारा अजून असेल. त्याच्यावर लेख लिहू नका, त्याचा सत्कार करू नका. येत्या सुट्टीला त्याच्या अंगणात जा, काठी मागा आणि त्याच्यासमोर उभे राहा. चपला बाहेर काढा. पहिल्या दिवशी तो तुम्हाला फक्त सलामी शिकवील, पुन्हा पुन्हा तीच. कंटाळू नका, दुसऱ्या दिवशीही जा.